चाच्याच्या कोटातले चाचा

चाचांचं पहिलं दर्शन मला झालं ते टोमॅटोंच्या पलीकडून. मुंबईहून बोटीने येऊन, छोट्या होडीतून बर दुबईच्या धक्क्याला उतरून, आमच्या ह्यांच्या मागोमाग मी त्या घराची गच्ची चढले. समोर शिडाचं जुनं कापड अंथरलेलं, त्यावर अर्धे चिरलेले टोमॅटो ओळीने वाळत घातलेले, आणि पलीकडे एक उंच, सावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस टॉवेलने माश्या हाकत उभा. बाजूच्या घरांतल्या बायकांना ते वाळवण म्हणजे कसलं तरी औषध आहे असं वाटायचं.

त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस काय गो?"

नाव नाही, गाव नाही, कुणाची लेक नाही, प्रवास कसा झाला नाही. बोटीवर पाच दिवस माझ्या पोटात काही टिकलं नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी टॉवेल ह्यांच्या हातात दिला, "माश्या बघ," म्हणाले, आणि खाली जाऊन ताट घेऊन आले. ताटात लांबलचक जाड शेवया, त्यावर टोमॅटोचा लाल रस आणि वर रत्नागिरीची सुकट. असला पदार्थ मी जन्मात पाहिला नव्हता. सगळा संपवला.

साठ सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. अमिरातींचा देश व्हायचा होता, पाणी गाढवावरून डब्यांत यायचं, आणि रुपये चालायचे. आमचे हे एका बोट एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. चाचांनी खाडीजवळचं एक जुनं घर भाड्याने घेतलेलं होतं. खाली त्यांचं काम चाले, वरच्या दोन खोल्या ते आमच्यासारख्यांना देत. काम म्हणजे गलबतांची शिडं आणि ताडपत्र्या शिवणं. माणूस आमच्यासारखाच कोकणी मुसलमान, आमच्याच बाजूच्या खाडीकाठच्या गावचा, पण गावाला गेलेला कुणी पाहिला नव्हता. बायको नाही, पोर नाही. अख्खी गल्ली त्यांना चाचा म्हणायची.

त्यांच्या सवयी मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. दाराकडे पाठ करून ते कधीच जेवत नसत. रोज एक ताट जास्त मांडत, आणि ते रिकामं राहिलं तर बेचैन होत. गल्लीतल्या शेळ्यांशी बोलायचे ते कुठल्या तरी परक्या भाषेत. शेळी शिडाला तोंड लावायला आली की ओरडत, "बास्ता! बास्ता!" समोरच्या इराणी दुकानदाराला वाटे, शेळीला 'बस्स' म्हणताहेत. अर्थ तोच होता, पण ते कळायला मला दोन वर्षं लागली.

मला लहानपणापासून खोड आहे. कुठलीही शिवण दिसली की ती आतून कशी आहे ते उलटून बघायचं. चाचांच्या बाबतीतही तेच झालं. हे म्हणायचे, "अगं, भाडेकरू आहोत आपण. म्हाताऱ्याच्या भानगडीत कशाला पडतेस?" पण मी पडले, आणि त्याला कारण होती चाचांची वार्षिक मिरवणूक.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा यायचा की चाचा काम बंद ठेवत. असरची, म्हणजे दिवस कलतानाची, नमाज पढून घरी येत, पेटी उघडत, आणि थोड्या वेळाने बाहेर पडत ते वेगळेच होऊन. गुडघ्यापर्यंत फुगलेली पिवळी विजार. लाल मखमलीचा आखूड कोट, त्यावर जरीच्या चांदण्या आणि चंद्रकोरी. डोक्यावर कलिंगडाएवढं पागोटं. कमरेला चंदेरी कागद लावलेली लाकडी वाकडी तलवार. आणि दोन्ही हातांना बांधलेली खरी लोखंडी साखळी. मुसलमान माणूस असा दिसतो, असं ज्याने मुसलमान कधी पाहिलाच नाही त्याने ठरवून शिवलेला तो पोशाख होता.

मग ते चालू लागत. तीन पावलं, थांबायचं. तीन पावलं, थांबायचं. तोंडातून अवाक्षर नाही. कापडबाजारातून, देवळाच्या गल्लीच्या तोंडावरून धक्क्यापर्यंत. तिथे होडीत बसून पलीकडे देऱ्याला, आणि तसंच परत. मागे पोरं नाचत. नवीन आलेली माणसं विचारत, "कौनसे पिक्चर का है?" मी हे सगळं वरच्या खिडकीच्या जाळीतून बघायची. पहिल्या वर्षी मला हसू आलं. दुसऱ्या वर्षी नाही आलं, कारण साखळीमुळे त्यांच्या मनगटांवर वळ उठले होते आणि परतल्यावर ते खाली बसून त्यांना तेल लावत होते.

"कशासाठी, चाचा?" मी जिन्यावरून विचारलं.

"एकाची फेरी आहे. त्याच्या जागी मारतो."

"कुणाची?"

"चहा टाक गो," ते म्हणाले.

तिसऱ्या वर्षी मार्च महिन्यात ते स्वतःच वर आले. हातात तो कोट. मखमल जीर्ण होऊन पाठीवर उभी फाटली होती. "तू शिवतेस चांगलं. मला असाच दुसरा हवा." ते स्वतः शिवणारे, पण शिडाची सुई मखमलीत घालणं म्हणजे भाला घालण्यासारखं. मी म्हटलं, शिवते, पण जुना उसवल्याशिवाय माप आणि कापणी कळणार नाही. त्यांनी खूप वेळ विचार केला आणि कोट माझ्या मांडीवर ठेवला. मग रोज दुपारी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसू लागले. माझे हात कामात आणि नजर खाली असल्यामुळे असेल, पण ते बोलायला लागले.

चाचा लढाईच्या काळात ब्रिटिशांच्या मालबोटीवर खलाशी होते. बोट बुडाली, जे वाचले ते इटलीत कैदी झाले. पुढे इटलीने शरणागती पत्करली, छावणीचे पहारेकरी पळाले, आणि कैदी जिकडे वाट फुटेल तिकडे गेले. चाचा समुद्राच्या दिशेने चालत राहिले. "पाणी दिसलं की घर जवळ वाटतं, दुसरं काय." किनाऱ्यावर एका मासेमाराने त्यांना बघितलं, होडीत घातलं, वर जाळं टाकलं आणि आपल्या बेटावर नेलं. त्याच्या आईने दार उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला तो भूक लागली आहे का. सात महिने त्या मायलेकांनी त्यांना माळ्यावर लपवलं. बेटावर जर्मनांची चौकी होती. कैदी सापडला तर घरातल्यांचं काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. बेटाचं नाव चाचांनी मलाही सांगितलं नाही. "तेव्हा नाव तोंडातून गेलं असतं तर माणसं मेली असती. ती सवय राहिली."

त्या बेटाचा एक संत होता. एप्रिलअखेरीस त्याची मिरवणूक निघे आणि अख्खं गाव जुन्या जमान्याचे कपडे घालून रस्त्यावर येई. कुणी सरदार, कुणी स्पेनचे शिपाई, कुणी मिठागरवाले, बायका डोक्यावर भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन. आणि सर्वांत शेवटी, साखळ्यांत बांधलेले समुद्री चाचे. शेकडो वर्षांपूर्वी हे चाचे बेट लुटायला आले आणि संताने वादळ उठवून त्यांना अडवलं, अशी तिथल्यांची श्रद्धा. चाच्यांच्या म्होरक्याचं सोंग त्या मासेमाराच्या घराण्याकडे होतं. बापाकडून त्याच्याकडे आलेलं. एखाद्या वर्षी ती फेरी चुकली तर समुद्र रागावतो म्हणत.

"त्या वर्षी सकाळीच कळलं, गाव मिरवणुकीत असताना शिपाई घरं तपासणार. त्याने अंगातला कोट काढला आणि मला घातला. म्हणाला, तू जा. रस्त्यात तुला कोणी शोधणार नाही."

"आणि तो?"

"तापाचं सोंग करून बिछान्यात पडला."

सोंग काढणारे बाकीचे चाचे तोंडाला काजळी फासत. चाचांना फासायची गरज नव्हती. चर्चजवळ एक जर्मन अंमलदार हसत हसत पुढे आला. पहिल्या चाच्याच्या गालावरून त्याने हातमोज्याचं बोट फिरवलं, बोट काळं झालं. दुसऱ्याच्या गालावरून फिरवलं, आणखी काळं झालं. मग चाचांच्या समोर उभा राहिला.

माझी सुई थांबली. "मग?"

"मग त्याने हातमोज्याकडे पाहिलं. खराब झाला म्हणून वैतागला. रुमालाने पुसत निघून गेला."

चाचांनी पायरीवर पडलेला दोरा उचलून बोटाला गुंडाळला. खाडीवर कुणीतरी गलबताला खिळे ठोकत होतं, तो आवाज येत राहिला.

"घरी आलो तर बिछाना रिकामा. धडधाकट गडी घरात पडलेला बघून त्यांना संशय आला होता, घेऊन गेले. म्हातारी पाव कापत होती. रडत नव्हती. मला म्हणाली, आधी खा."

दोन महिन्यांनी बेट सुटलं आणि चाचा निघाले, तोवर मुलगा परतला नव्हता. म्हातारीने कोट बांधून दिला. "पुढच्या वर्षी तो आला नाही तर ही फेरी कोण मारणार? तू जिथे असशील तिथे मार." तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. बोटीवर असताना त्यांनी भर समुद्रात डेकवर फेरी मारली होती. कप्तानाने त्यांना वेडा समजून दोन दिवस आजाऱ्यांच्या खोलीत ठेवलं होतं.

"पत्र नाही लिहिलंत कधी?"

"उत्तर आलं असतं ना गो," चाचा म्हणाले.

हे मला त्या रात्रभर पुरलं. पण खरी गोष्ट पुढेच घडली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चाचा वर यायच्या आधी, कॉलरचं अस्तर उसवताना आत एक पांढरी पट्टी सापडली. तिच्यावर लाल दोऱ्याने अक्षरं भरलेली, म्हातारीच्याच हातची असणार. मला इंग्रजी लिपी येत नव्हती. मी ती अक्षरं नक्षी उतरवावी तशी कागदावर उतरवली आणि ह्यांना दाखवली. ह्यांनी वाचलं, "माणसाचं नाव आहे. खाली गावाचं असावं."

चाचांनी वीस वर्षं तो पत्ता मानेला लावून फेऱ्या मारल्या होत्या.

मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ह्यांच्या ऑफिसात एका इटालियन बोटीचा वायरलेस ऑफिसर यायचा. मी हट्ट धरला, ह्यांनी आधी कपाळावर हात मारला, मग त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि पत्र टाकलं. पत्र गेलं आणि मग मला प्रश्न पडायला लागले. तो मासेमार मेलेला असला तर? चाचांना न विचारता मी कुणाची कबर उकरत होते?

त्याच एप्रिलात हाजीसाहेब घरी आले. कापडबाजारातले मोठे व्यापारी, आमच्या तालुक्यातल्या लोकांत त्यांचा शब्द शेवटचा. चाचा खाली शिड शिवत होते, मी जिन्याच्या आडोशाला.

"लोक बोलतात. इटालियन बोटीवरचे खलाशी सांगतात, ही ख्रिश्चनांच्या संताची जत्रा आहे. ती तुम्ही इथे कशाला आणता? आता वय झालं तुमचं. खलास करा हे."

"हाजीसाहेब, मी कुठल्या संतापुढे मान वाकवत नाही. एका माणसाने माझ्यासाठी अंगातला कोट काढून दिला. तेवढं एक चालणं आहे."

"कोण माणूस?"

चाचांनी सुईत दोरा ओवायला घेतला. मला वाटलं पुढे व्हावं आणि सगळं सांगून टाकावं. पण एक गुपित मी आधीच फोडलं होतं. हाजीसाहेब उठले. त्या वर्षी चाचांनी नवा कोट घालून फेरी मारली आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या लोकांपैकी कुणी त्यांच्याकडे जेवायला आलं नाही. जास्तीचं ताट रोज रिकामं राही. ते बघून मी आणि हे खाली त्यांच्याबरोबर जेवायला लागलो.

उत्तर आलं ते थंडीत. ऑफिसच्या पत्त्यावर, जाड लिफाफा. हे घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "त्याच्या अक्षरात आहे की दुसऱ्या कुणाच्या, ते तरी कसं कळणार?" वायरलेस ऑफिसरची बोट केव्हाच गेली होती. मी लिफाफा घेतला आणि खाली गेले.

"चाचा, मी एक आगाऊपणा केला आहे."

सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सुई कापडात खोचून ठेवली आणि हात मांडीवर घेतले. मग कळलं, चाचांना ती भाषा बोलता यायची, वाचता यायची नाही. ह्यांना अक्षरं वाचता यायची, भाषा यायची नाही. शेवटी हे खाली मांडी घालून बसले आणि पत्र मोठ्याने वाचू लागले, इंग्रजी वाचावं तसं, एकाही शब्दाचा अर्थ न कळता. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणत, "चे नाही रे, के. के वाच." मी एकाच्या तोंडाकडे बघायची, मग दुसऱ्याच्या.

"सोनो विवो," ह्यांनी वाचलं.

"परत."

"सोनो विवो."

"वीवो," चाचा म्हणाले. "वीवो म्हणजे जिवंत. आपल्या जीवासारखाच शब्द आहे बघ." आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या.

मासेमार जिवंत होता. त्याला मुख्य भूमीवर नेऊन दगडाच्या खाणीत जुंपलं होतं. दुसऱ्या वर्षी किनाऱ्यापर्यंत चालत आला आणि होडीने घरी परतला. म्हातारी त्यानंतर सात वर्षं जगली. चाचांची बोट बुडाली असं त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं, म्हणून बेटावर चाचांच्या नावे मेणबत्तीही लागायची. कोट परत पाठवू नकोस, आता मी त्यात मावणार नाही, असं लिहिलं होतं. त्याने आल्या आल्या दुसरा शिवून घेतला होता आणि तेव्हापासून दर वर्षी आपली फेरी आपणच मारत होता.

चाचा हसले, डोळे पुसले, मग अचानक ताडकन उठले. "म्हणजे मी इकडे वीस वर्षं साखळ्या बांधून उन्हात चालतोय, आणि हा तिकडे मासे खातोय!" शेळ्यांना घालायचे ते सगळे शब्द त्यांनी त्या मासेमाराला घातले. त्या संध्याकाळी त्यांनी इतक्या शेवया केल्या की गल्लीत वाटाव्या लागल्या. हाजीसाहेबांकडे द्यायचं भांडं मी स्वतः नेलं आणि त्यांच्या बायकोला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. यावेळी चाचांना विचारून.

पण नंतर चाचा मान खाली घालून नुसते शिवत बसू लागले. दारावरून कुणी गेलं तरी वर बघत नसत. ह्यांनी एकदा सहज विचारलं, "यंदा काय चाचा, एप्रिलात?"

"आता कशाला? ज्याची फेरी तो मारतो आहे."

मी ज्या शिवणीला हात घातला होता तिच्यावर सगळा माणूस उभा होता, हे मला तेव्हा कळलं. चांगली बातमी आणून मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं होतं.

तो दिवस आला. चाचा असर पढून परतले आणि नेहमीच्या दिवसासारखे शिडावर बसले. बाहेर पोरं वाट बघत होती. इराणी दुकानदार स्टूल घेऊन बसला होता. थोड्या वेळाने हाजीसाहेबही आले, दारातच उभे राहिले, घसा खाकरला. "निघाला नाहीत अजून?"

चाचांनी नाही म्हणून मान हलवली. हाजीसाहेब परत फिरले नाहीत. ते तिथेच उभे राहिले.

मी पुढे झाले, चाचांची पेटी उघडली आणि नवा कोट बाहेर काढला.

"चाचा, हा मी शिवला. गेल्या वर्षी तुम्ही घालून गेलात तो मला वरच्या जाळीतून दिसला. चालताना पाठीची शिवण बसते की ओढते, ते मला कळलेलंच नाही. मागून चालल्याशिवाय कळायचं नाही."

"मागून? तू येणार?"

"लोक काय म्हणतील?" हे म्हणाले, आणि मग हाजीसाहेबांकडे बघून गप्प बसले, कारण हाजीसाहेब रस्ता द्यायला बाजूला सरकले होते.

चाचांनी कोटाच्या बाह्यांत हात घातले. साखळी घेतली, क्षणभर हातात तोलली आणि परत पेटीत ठेवली. पागोटं मीच नीट बसवून दिलं. मी बुरखा चढवला, ह्यांनी पाण्याची सुरई उचलली, आणि आम्ही निघालो. चाचा पुढे, मी दोन हात मागे, हे माझ्याही मागे, ऑफिसातलं कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघत.

इतकी वर्षं मुक्याने चालणारा माणूस त्या दिवशी बोलत होता. "तीन पावलं, मग थांब. घाई करू नको. इथे बेटावर मीठवाल्यांची गल्ली लागते. इथे बायका गच्चीतून फुलं टाकतात. आता वळ." कापडबाजारातले लोक दुकानांतून बाहेर आले होते. धक्क्यावर होडीवाल्याने हात देऊन त्यांना आत घेतलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, ही कोण.

"घरची," चाचा म्हणाले, आणि सरकून मला जागा करून दिली.

होडी सुटली. खाडीवर वारा होता, कोट त्यांच्या अंगाला घट्ट बसला होता आणि पाठीची शिवण सुतासारखी सरळ होती.